दुबईचा फ्लॅट आणि आपला सातबारा



समृद्धी महामार्गात धामणगाव, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतील कित्येकांची वावरे गेली आणि मोबदला हाती आला. तेव्हापासून बांधावर आम्हांला विचारतात, "साहेब, दुबईत फ्लॅट घ्यावा काय?"

घेता येतो. दुबईने २००२ पासून परकीयांना ठरावीक भागांत मालकी दिली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठविता येतात. पण त्यासाठी बँकेला कर्ज देता येत नाही. पैसा स्वतःचाच हवा.

खरी गोम आहे ती न बांधलेल्या इमारतीत. २००८-०९ च्या मंदीत तिथले भाव जवळपास निम्म्यावर आले, बांधकामे अर्ध्यावर थांबली. आपण शेत घेताना सातबारा, फेरफार, मोजणी पाहतो, वर विहिरीत डोकावतो. इथे मात्र रंगीत चित्रावर हप्ते भरायचे!

म्हणून हप्ता दलालाच्या हाती देऊ नये. २००७ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकल्पाचे स्वतंत्र राखीव खाते असते, त्यातच भरावा. दुबईच्या भूमी विभागात आपल्या नावाची नोंद झाल्याचा कागद मागावा. ऊसनोंद नसली तर तोड मिळत नाही, तसेच हे. नोंदणीला चार टक्के लागतात. शिवाय दिरहम डॉलरला बांधलेला. रुपया घसरला की पुढचा हप्ता आपोआप फुगतो.

आमचे विचाराल तर आधी विहीर आणि ठिबक. तरीही घ्यायचाच असेल, तर सही करण्यापूर्वी कागद जाणत्या वकिलाला दाखवावेत. मिळकत दरवर्षी आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते, हेही त्यालाच विचारावे.