राहुलाचा आरसा : वयाच्या टप्प्यांवर स्वतःला ओळखण्याचा अभ्यास

‘स्वतःला ओळखा’ हा उपदेश शाळेच्या भिंतीवर रंगविण्यास सोपा आहे. तो कोणत्या वयात आणि कोणत्या रीतीने आचरायचा, हे मात्र भिंत सांगत नाही. आठ वर्षांच्या मुलाने स्वतःला ओळखणे आणि अठरा वर्षांच्या मुलीने स्वतःला ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय आपल्या वसतिगृहात येणाऱ्या बहुतेक लेकरांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. ‘मी कोण?’ हा प्रश्न त्यांच्या मनात उगवण्यापूर्वीच गावाने, आडनावाने आणि वस्तीच्या दिशेने त्याचे उत्तर देऊन टाकलेले असते. त्यामुळे उत्तर शोधण्यापूर्वी, परस्पर मिळालेले हे उत्तर तपासून पाहण्यापासून त्यांना आरंभ करावा लागतो. या अभ्यासासाठी धम्मसाहित्यात एक सलग उदाहरण उपलब्ध आहे आणि त्याकडे आपल्या शाळांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते. ते उदाहरण म्हणजे राहुलाचे शिक्षण.

राहुल हा तथागतांचा पुत्र. परंपरेनुसार सातव्या वर्षी, कपिलवस्तू येथे, सारिपुत्तांच्या हस्ते त्याची प्रव्रज्या झाली. नातवाच्या वियोगाने व्यथित झालेल्या शुद्धोदनाने तथागतांकडे गाऱ्हाणे केले आणि आई-वडिलांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम विनयात आला. (प्रवेश अर्जावरील पालकांच्या सहीचा इतिहास एवढा जुना आहे, असे आम्ही पालकसभेत गमतीने सांगतो.) घरापासून दूर, गुरुजनांच्या आणि सोबत्यांच्या सहवासात वाढलेला हा मुलगा आमच्या विद्यार्थ्यांना परका वाटण्याचे कारण नाही. त्याला केलेले तीन महत्त्वाचे उपदेश मज्झिम निकायात ६१, ६२ आणि १४७ या क्रमांकांच्या सुत्तांत आले आहेत. अट्ठकथाकारांच्या मते पहिला उपदेश बालवयातील, दुसरा अठराव्या वर्षीचा आणि तिसरा विशी गाठल्यानंतरचा. तिन्ही सुत्ते एकापाठोपाठ एक वाचली, तर वयानुसार आखलेला अभ्यासक्रमच आपल्यासमोर उभा राहतो.

पहिल्या सुत्तात राहुलाने तथागतांसाठी आसन मांडले आहे, पाय धुण्यास पाणी ठेवले आहे. पाय धुतल्यावर भांड्यात थोडेसे पाणी उरते. ते दाखवून तथागत विचारतात, हे पाणी किती थोडे आहे? जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज नसलेल्या माणसाचे श्रमणत्व तेवढेच थोडे. मग ते पाणी फेकून देतात, भांडे पालथे करतात, पुन्हा उताणे करून त्याचे रितेपण दाखवितात. लहान मुलाला शिकविताना हाताशी असलेली वस्तूच शैक्षणिक साधन म्हणून कशी वापरावी, याचा हा उत्तम पाठ आहे. त्यानंतर येतो तो आरसा. आरसा कशासाठी असतो, या प्रश्नाला राहुल उत्तर देतो, पाहण्यासाठी. त्याचप्रमाणे आपले प्रत्येक कर्म, कायेचे, वाचेचे आणि मनाचे, पाहून पाहून करावे, असे तथागत सांगतात. करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे आणि केल्यानंतरही पाहावे. कसोटी एकच : याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही इजा पोहोचते काय?

येथे दोन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, या आरशात चेहरा दिसत नाही, कूळ दिसत नाही, जातही दिसत नाही. दिसते ते केवळ कर्म. मुलाच्या हाती स्वतःला ओळखण्याचे हे एवढेच साधन दिले आहे आणि ते कोणाही मुलाच्या आवाक्यातले आहे. दुसरी गोष्ट शिक्षकांकडून हमखास निसटते. काया-वाचेने चूक झाली असेल तर ती गुरूपुढे किंवा सुज्ञ सोबत्यापुढे उघड करावी, हे जसे या सुत्तात सांगितले आहे, तसेच कर्म चांगले झाले असेल तर त्या आनंदात राहून पुढे शिकत जावे, हेही सांगितले आहे. आपण मुलांना चुका मोजायला शिकवितो. स्वतःच्या चांगल्या कृतीचा आनंद घेण्यास फार क्वचित शिकवितो. ज्या मुलांना बाहेरच्या जगात कमी लेखले जाते, त्यांना तर या दुसऱ्या शिकवणुकीची गरज अधिक आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुरावा येथे नोंदवितो. राजस्थानातील बैराट येथे सापडलेला आणि आता कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेला सम्राट अशोकाचा शिलालेख प्रसिद्ध आहे. त्यात अशोकाने सात धम्मपर्यायांची नावे देऊन, ते भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावेत व त्यांवर चिंतन करावे, अशी इच्छा व्यक्त केली आहे. त्यांतील एक म्हणजे असत्याविषयी राहुलाला केलेला उपदेश. सात वर्षांच्या मुलाला दिलेला पाठ इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील एक सम्राट प्रौढांना पुन्हा वाचावयास सांगतो, ही बाब आम्हांस मोठी उद्बोधक वाटते. वय वाढले म्हणून पहिला धडा मागे पडत नाही.

दुसऱ्या सुत्तातील राहुल तरुण झाला आहे. अट्ठकथा सांगते की, तथागतांच्या मागून भिक्षाटनाला जाताना त्यांच्या आणि स्वतःच्या देहसौंदर्याचे विचार त्याच्या मनात आले होते. सकाळी परिपाठापूर्वी वसतिगृहातील एकुलत्या आरशापुढे उभी राहणारी नववी-दहावीची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन उमजेल. तथागत वळून सांगतात, कोणतेही रूप ‘हे माझे, हा मी’ अशा भावनेने पाहू नकोस. वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांनाही तेच लागू. पुढे, पृथ्वीसमान भावना कर, असे ते म्हणतात. पृथ्वीवर लोक शुद्ध टाकतात, अशुद्धही टाकतात, म्हणून पृथ्वीला किळस येत नाही.

या उपमेचा एक विपरीत अर्थ लावला जाण्याचा संभव आहे, म्हणून स्पष्ट बोलले पाहिजे. पृथ्वीसारखे व्हा म्हणजे अपमान मुकाट्याने सोसा, असा अर्थ आम्ही घेत नाही आणि विद्यार्थ्यांनीही घेऊ नये. दुसऱ्याने टाकलेली घाण ही माझी ओळख नव्हे, एवढी स्थिरता मनाला यावी, असा तो अर्थ आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांनी अन्याय स्वीकारला नव्हता, आणि त्यांच्यावर लादलेली ओळख तर मुळीच स्वीकारली नव्हती. ज्याचे मन डळमळीत आहे त्याला तळ्यापर्यंत चालत जाता येत नाही.

तिसऱ्या सुत्ताविषयी थोडक्यात. राहुलाची समज पक्व झाली आहे हे ओळखून तथागत त्याला श्रावस्तीजवळच्या अंधवनात नेतात आणि तेथे केवळ विचारीत जातात. डोळा नित्य की अनित्य? जे अनित्य ते सुख की दुःख? निष्कर्ष राहुल स्वतः काढतो. विशीतल्या माणसाला उपदेश कमी आणि प्रश्न अधिक द्यावेत, हे महाविद्यालयांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

आयुष्याचे टप्पे म्हटले की आपल्याकडे चार आश्रमांचा दाखला देण्याची पद्धत आहे. तथापि ती व्यवस्था कोणासाठी होती, हे विचारल्याशिवाय तिचे गोडवे गाऊ नयेत. शूद्रांना आणि स्त्रियांना ब्रह्मचर्याश्रमाचे, म्हणजे शिक्षणाचे, दारच बंद होते. मग त्यांच्या आयुष्याला विकासाचे टप्पे राहिलेच कोठे? बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदूइझम’ या ग्रंथात या आश्रमव्यवस्थेची चिकित्सा एका स्वतंत्र प्रकरणात केली आहे, ती जिज्ञासूंनी अवश्य वाचावी. बी. एड.च्या पुस्तकांतून भेटणारे एरिक एरिक्सन यांचे आठ टप्पे १९५० साली मांडले गेले. ते कोणाला वगळत नाहीत, आणि ‘मी कोण?’ या प्रश्नाला ते किशोरवयाचा मध्यवर्ती प्रश्न मानतात. एरिक्सन हे आडनावही त्यांनी मोठेपणी स्वतः धारण केले होते, हे जाता जाता सांगण्यासारखे. परंतु ज्याच्या हाती जन्मतःच दुसऱ्याने लिहिलेली चिठ्ठी दिली जाते, त्या मुलाने काय करावे, याचे उत्तर आम्हांस पुस्तकापेक्षा बाबासाहेबांच्या चरित्रात अधिक मिळते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. हाच दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. वर्गात बसण्यासाठी त्यांचे स्वतंत्र गोणपाट होते. शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे. १९०१ साली वडिलांना भेटण्यास कोरेगावला निघालेली ही मुले मसूर स्थानकावर उतरली. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली, गाडीवान बाजूने चालत राहिला, आणि जवळ खाण्याचे असूनही पाण्यावाचून रात्र काढावी लागली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. दहाएक वर्षांच्या मुलाला समाजाने दिलेले ‘तू कोण’ याचे उत्तर ते हे.

पुढे १९१३ साली, बाविसाव्या वर्षी, ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडनला. परदेशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, अशी नोंद त्यांनी केली आहे. १९१७ साली बडोद्याला परतले, तेव्हा उतरायचे कोठे, या प्रश्नाने ती जाणीव पुन्हा जागी केली. पारशी नाव लावून एका पारशी पथिकाश्रमात राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. दोन ओळखीच्या स्नेह्यांनी सबबी सांगितल्या. त्या दिवशीचे तास त्यांनी सार्वजनिक बागेत बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस निघाले. वय सव्वीस.

आपल्या विद्यार्थ्यांनी हे पान भावनावश होऊन मिटू नये, पुढचे पान उलटावे. त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे साठविले, १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ सुरू केले आणि त्याच वर्षी अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यास पुन्हा लंडन गाठले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी सुधारणेसाठी परत दिला, तेव्हा तो दुरुस्त करून पुन्हा सादर केला, आणि १९२३ साली पदवी घेतली. समाजाच्या आरशात दिसलेली आकृती बाजूला ठेवून स्वतःच्या कर्माच्या आरशात पाहणे म्हणजे काय, ते येथे कळते.

शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. उत्तरायुष्यात, प्रकृती साथ देत नसताना, हाच माणूस पाली भाषेचा कोश आणि व्याकरण तयार करीत बसला होता. शासनाने प्रकाशित केलेल्या ‘लेखन आणि भाषणे’ मालेच्या १६व्या खंडात ते काम पाहावयास मिळते. व्हायोलिनही ते उतारवयातच शिकू लागले. शालेय वयात कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी दिलेले बुद्धचरित्र त्यांनी वाचले होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा. किशोरवयातील एक पुस्तक आणि पासष्टाव्या वर्षीचा निर्णय यांच्यामध्ये सुमारे पन्नास वर्षांचा अभ्यास आहे. दहावीत आपला कल निश्चित झालाच पाहिजे म्हणून घाईला आलेल्या पालकांनी हे अंतर एकदा मोजावे.

उतारवयाविषयी आम्ही शिक्षकही बोलावयास कचरतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्ती आली की शिकणे संपले, अशी एक समजूत आमच्या व्यवसायात आहे. महापरिनिब्बान सुत्तातील तथागत ऐंशी वर्षांचे आहेत. दोऱ्या बांधून कशीबशी चालविलेल्या जुन्या गाडीसारखे आपले शरीर झाले आहे, असे ते आनंदाला मोकळेपणाने सांगतात. कुसिनारा येथील शेवटच्या रात्री सुभद्द नावाचा परिव्राजक प्रश्न विचारण्यास येतो. आनंद त्याला तीनदा अडवितो, तथागत मात्र त्याला आत येऊ देतात आणि त्याच्यापुढे स्वतःच्या आयुष्याचा हिशेबही मांडतात, की एकोणतिसाव्या वर्षी घर सोडले, त्याला आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली.

आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी आम्ही एक छोटा उपक्रम सुचवू इच्छितो. सायंकाळच्या वंदनेनंतर दहा मिनिटे, साधी वही, पानावर तीन रकाने : करण्यापूर्वी, करताना, केल्यानंतर. दिवसातील एकच कृती निवडावी, मग ती चांगली असो वा वाईट. आठवड्यातून निदान दोन नोंदी चांगल्या कृतींच्या असाव्यात. पालकांनी रविवारी भेटावयास आल्यावर गुण विचारण्याआधी, या आठवड्यात कोणती गोष्ट करून तुला बरे वाटले, एवढे विचारावे. गृहप्रमुख आणि शिक्षक यांनीही अशीच आपली एक वही ठेवावी. मुलांच्या वह्या कोणी तपासू नयेत. पानावर तारीख आहे की नाही, एवढेच पाहावे.