नकली मिटता चाकू : पारख, वापर व निगा

शेतकऱ्याच्या खिशात चाकू असावा, हे सांगणे नलगे. सुतळी तोडणे, पोत्याची शिवण उसवणे, नको असलेला फुटवा काढणे, कलमकाडी तासणे अशी किती तरी कामे त्याच्यावाचून अडून राहतात. तथापि विळा किंवा कोयता घेताना आपण लोहाराला दहा प्रश्न विचारतो, आणि चाकू मात्र मुठीची चकाकी पाहून विकत घेतो. सांप्रत नामांकित परदेशी चाकूंच्या हुबेहूब नकला बाजारात थोड्या पैशांत मिळतात. त्या घ्याव्या की टाळाव्या, घेतल्यास त्यांची परीक्षा कशी करावी व त्यांजकडून कोणते काम घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम अस्सल वस्तू कशी असते ते पाहू, म्हणजे नकलेत काय उतरले व काय राहिले हे कळेल. उदाहरणादाखल फ्रान्स देशातील ओपिनेल चाकू घेऊ. कारण तो मुळात शेतकऱ्यांचाच चाकू आहे. आल्प्स पर्वताच्या कुशीतील सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० साली बनविला. लाकडाची गोल मूठ, तीत पाते मिटण्यासाठी एक खाच, एक पाते व एक खिळा, एवढीच त्याची रचना. पुढे १९५५ साली पात्याच्या बुडाशी फिरते कडे बसविण्यात आले. ते फिरविले असता उघडलेले पाते अडकून राहते व काम करताना बोटांवर मिटत नाही. ८ क्रमांकाच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब असते. रचना इतकी साधी असल्यामुळे तिची नक्कल करणे सोपे आहे, आणि म्हणूनच तशा नकला पुष्कळ झाल्या आहेत.

येथे एक भेद ध्यानी धरावा. आकाराची नक्कल निराळी आणि नाममुद्रेची नक्कल निराळी. उपयुक्त घडण पाहून दुसऱ्या कारागिराने तशीच वस्तू करावी व तीवर स्वतःचे नाव घालावे, यात सहसा गैर काही नाही. आपली पुष्कळ अवजारे अशीच एका गावाहून दुसऱ्या गावी गेली. परंतु दुसऱ्याची मुद्रा आपल्या मालावर ठोकणे ही फसवणूक होय. हा रोग जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील शेफील्ड गावच्या चाकू-सुऱ्यांची कीर्ती एवढी होती की इतरत्र घडविलेल्या मालावर त्या गावाचे नाव उठविले जाई. अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी तेथे १८८७ साली कायदा करावा लागला. आपल्याकडेही १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये खोटी मुद्रा लावणे हा गुन्हा आहे. ग्राहकाच्या दृष्टीने तात्पर्य एवढेच की, जो मुद्रेत खोटे बोलतो तो पोलादात खरे बोलेल असा भरवसा धरता येत नाही.

आता पोलादाविषयी. नकलेत मूठ उतरते, कडे उतरते, पात्याचा बाकही उतरतो. उतरत नाही ते पाणी. पोलाद सुमारे ८०० अंशांपर्यंत लाल तापवून तेलात विझविले म्हणजे ते कठीण पण काचेसारखे ठिसूळ होते. मग पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. या दोन क्रियांना वेळ व लक्ष लागते, आणि त्या झाल्या की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. शिवाय घाईने सहाणयंत्रावर धार लावताना पाते फार तापले तर धारेशी निळसर छटा येते व तेथील पाणी उतरते. अशा पात्याला धार लागते, पण टिकत नाही.

यास्तव चाकू घेताच पुढील परीक्षा कराव्या.

पहिली, सांध्याची. पाते उघडून बाजूंना हलवून पाहावे. ते खुळखुळता कामा नये. मग कडे फिरवून, बोटे पात्याच्या वाटेतून दूर ठेवून, पात्याची पाठ लाकडावर बेताने दाबावी. कडे घसरले किंवा पाते मिटू लागले, तर तो चाकू कलमाच्या कामाला वर्ज्य समजावा.

दुसरी, लोहचुंबकाची. जे पोलाद पाणी घेते ते चुंबकाला चिकटते. पाते मुळीच चिकटले नाही, तर त्यास पाणी देता येण्याजोगे ते पोलादच नव्हे. मात्र चिकटले एवढ्यावरून ते उत्तम ठरत नाही.

तिसरी, कानशीची. पात्याच्या बुडाशी, जेथे धार नसते तेथे, बारीक कानस हलक्या हाताने फिरवावी. ती लोण्यात रुतावी तशी रुतली तर पाते मऊ आहे. बहुतांशी घसरत गेली तर पाणी बरे आहे.

चौथी, प्रत्यक्ष कामाची. चाकूला धार लावून वाळलेल्या बांबूचे दहा-पंधरा छिलके काढावे व धार उजेडात धरून पाहावी. धार वळली असेल तर पाते मऊ, खांडे पडले असतील तर ठिसूळ. यानंतर आंब्याची कोवळी फांदी तिरपी कापावी. काप गुळगुळीत व ओलसर चकाकणारा दिसावा. तंतू निघालेले किंवा साल चेंगरलेली दिसू नये.

ही शेवटची परीक्षा आम्ही एकदा केली नाही, त्याचे फळ आम्हांस मिळाले. आठवडी बाजारातून घेतलेला, नामांकित मुद्रेचा असा एक चाकू आम्ही आंब्याच्या मृदुकाष्ठ कलमांस वापरला. चार काड्या तासल्यावरच धार वळली. तरी काम उरकण्याच्या भरात आम्ही जोर लावीत राहिलो. पाचरी वेड्यावाकड्या झाल्या, आणि शेवटी सैल कडे फिरून पाते तर्जनीवर मिटले. त्या खेपेची बहुतेक कलमे वाळली. सारा दोष चाकूचा नव्हे. धार गेल्यावर न थांबणारा हातही तितकाच दोषी. कलम जुळते ते साल व लाकूड यांच्या मधल्या पातळ जिवंत थरामुळे. तो थर चेंगरला किंवा दोन्ही काप एकमेकांस सपाट बसले नाहीत, तर पट्टी कितीही घट्ट बांधा, जोड होत नाही आणि हंगाम वाया जातो. पुढे घेतलेला दुसरा चाकूही नक्कलच होता. पण त्यावर घडविणाराने स्वतःचे नाव घातले होते, आणि तो वरील चारही परीक्षांस उतरला. तो अद्याप आमच्या खिशात आहे.

वापराविषयी दोन गोष्टी. खास कलमाच्या चाकूला बहुधा एकाच अंगाने उतार दिलेला असतो, म्हणून त्याचा काप सपाट येतो. खिशातल्या सामान्य चाकूला दोन्ही अंगांनी उतार असतो. त्याने थोडी कलमे करता येतील, पण रोपवाटिका चालविणाराने खास चाकूच घ्यावा. दुसरे असे की, मिटत्या चाकूच्या खाचेत चीक व माती साचते आणि तेथे रोगाचे जंतू राहू शकतात. डाळिंबावरील तेल्यासारखा जीवाणूंचा रोग छाटणीच्या हत्यारांवाटेही पसरतो. म्हणून रोगट झाडावर मिटता चाकू चालवू नये. तेथे सहज धुता येणारे हत्यार घ्यावे व प्रत्येक झाडानंतर ते निर्जंतुक करावे. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पोलाद गंजते, सबब काम संपल्यावर हत्यार स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून त्यास तेल लावावे.

निगा अवघड नाही. आंब्याचा चीक आम्लधर्मी असतो, तो लागलीच पुसावा. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते व पाते उघडेनासे होते. तेव्हा दातांनी ओढू नये, मूठ सावलीत वाळू द्यावी. उन्हाळ्याच्या अखेरीस तिला जवसाचे तेल पाजले असता हा त्रास कमी होतो. धार ओल्या सहाणेवर लावावी आणि शेवटी पाते चामड्याच्या पट्ट्यावर उलटे ओढावे. कोरड्या यंत्रावर लावून पाणी घालवू नये.

सारांश, नक्कल आहे म्हणून चाकू टाकाऊ ठरत नाही आणि मुद्रा मोठी आहे म्हणून तो ग्राह्यही ठरत नाही. ज्याने नक्कल घेतली त्याने ती नक्कल म्हणूनच बाळगावी, शेजाऱ्यास देताना तसे सांगावे, आणि कलमाच्या हंगामापूर्वी, काडी हाती घेण्याच्या आधी, तिची परीक्षा करावी. बांबूच्या दहा छिलक्यांत जे कळते, ते कळण्यासाठी एक हंगाम खर्ची घालण्याचे कारण नाही.