प्रकाश अडवणारे आकडे

अंधाऱ्या खोलीत साधा कॅल्क्युलेटर सुरू करा. आकडे दिसणार नाहीत. ते स्वतः प्रकाश देत नाहीत. बाहेरून आलेला प्रकाश अडवतात. हे काम द्रव स्फटिक करतो.

१८८८ साली फ्रीड्रिख रायनित्झर हे शास्त्रज्ञ प्राग शहरात एक पदार्थ तापवत होते. सुमारे १४५ अंश सेल्सिअसला तो वितळला, पण द्रव गढूळ राहिला. १७८ अंशांच्या पुढे तो स्वच्छ झाला. मधल्या अवस्थेत पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकासारखे शिस्तीत राहतात. हाच द्रव स्फटिक.

कॅल्क्युलेटरमध्ये दोन काचांच्या मध्ये त्याचा केसाहून पातळ थर असतो. दोन्ही बाजूंना ध्रुवक असतात. ध्रुवक एकाच दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशाला वाट देतो. दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात ठेवले, की प्रकाश अडतो. मात्र थरातील काडीसारखे रेणू गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे वळत गेलेले असतात. त्यांच्याबरोबर प्रकाशाच्या कंपनाची दिशाही वळते आणि प्रकाश पार जातो. मागच्या परावर्तक पत्र्यावरून तो परत येतो व काच उजळ दिसते.

आता थोडासा विद्युतदाब द्या. रेणू काचेवर खिळ्यांसारखे उभे राहतात. जिना मोडतो, प्रकाश अडतो आणि तेवढी पट्टी काळी दिसते. अशा सात पट्ट्या काळ्या झाल्या, की आठ. मधली सोडली, की शून्य! दाब काढताच रेणू पुन्हा वळतात.

ही युक्ती मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये शोधली. तिला वीज इतकी कमी लागते, की घड्याळातील बटणाएवढा सेल वर्षभर सहज पुरतो. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या पल्सर घड्याळाचे लाल आकडे स्वतः उजळत. पण बटण दाबले तरच! ते सतत उजळत ठेवले असते, तर सेल लवकरच संपला असता.