बर्फावरचे हेल्मेट : भाड्याने देणाऱ्यांसाठी चार गोष्टी

गुलमर्ग, सोलंग, औली येथे स्कीइंगचे सामान भाड्याने देण्याचा धंदा चालतो. दुकानदार बूट काळजीपूर्वक मापून देतो, पण हेल्मेट मात्र डोक्यात गेले की झाले, असे समजतो. मार्च २००९ मध्ये कॅनडात अभिनेत्री नताशा रिचर्डसन नवशिक्यांच्या सोप्या उतारावर पडल्या. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सुरुवातीला त्यांना काहीच झाले नाही असे वाटले, पण दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. म्हणून शिकाऊ गिऱ्हाइकालाही हेल्मेट द्यावेच.

स्कूटरचे हेल्मेट येथे चालत नाही. त्यावरचा आयएसआय शिक्का रस्त्यासाठी असतो. माल भरताना ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० हे मानक पाहून घ्यावे.

माप घेताना टेप भुवयांच्या थोडी वरून, कानांवरून आणि डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून फिरवावी. हेल्मेट घातल्यावर पट्टा न लावता डोके हलवायला सांगावे. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर माप बरोबर. गॉगल आणि हेल्मेट यांमध्ये उघडे कपाळ दिसू नये. खाली लोकरी टोपी नको. ओढणी किंवा रुमाल असल्यास पातळ, एकपदरी असावा व गाठ हेल्मेटखाली येऊ नये. पट्टा लावून तोंड मोठे उघडले की हेल्मेट खाली ओढले गेले पाहिजे.

आता मालाची निगा. बहुतेक हेल्मेटांच्या आत थर्माकोलच्या जातीचाच दाट फोम असतो. धक्का तोच झेलतो आणि एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. थर्माकोलवर पेट्रोल किंवा थिनर पडले तर काय होते हे आपल्या कारागीर बंधूंना सांगायला नको. म्हणून त्यांनी हेल्मेट पुसू नये, बुखारीजवळ वाळत घालू नये, गाडीच्या तापलेल्या डिकीतही ठेवू नये. आतल्या गाद्या काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवाव्यात व सावलीत वाळवाव्यात. भाड्याच्या मालात हे वरचेवर करावे लागते.

खरी अडचण वेगळीच आहे. जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून नव्यासारखे दिसू शकते, पण ते बाद करावे लागते. प्रत्येकावर नंबर टाकावा, वहीत खरेदीची तारीख लिहावी आणि परत घेताना ‘पडलात का?’ असे विचारावे. दंडाची भीती असेल तर गिऱ्हाईक खरे सांगणार नाही व तेच हेल्मेट उद्या दुसऱ्याच्या डोक्यावर जाईल. त्यापेक्षा बाद होणाऱ्या मालाची किंमत भाड्यातच धरावी.