आंगोव्हिलचे चर्च

युद्धाचे स्मारक म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? उंच स्तंभ, तोफ किंवा बंदूकधारी सैनिकाचा पुतळा. फ्रान्समधील एका खेड्यात मात्र चर्चच्या लाकडी बाकांवर पडलेले रक्ताचे डाग जपून ठेवले आहेत.

या खेड्याचे नाव आंगोव्हिल-ओ-प्लां. ते नॉर्मंडी भागात आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात होता. ६ जून १९४४ रोजी मध्यरात्रीनंतर अमेरिकेचे हजारो सैनिक हवाई छत्र्यांनी नॉर्मंडीत उतरले. रॉबर्ट राइट आणि केनेथ मूर हे त्यांपैकी दोघे. वय जेमतेम विशीचे. त्यांचे काम लढण्याचे नव्हते, जखमींची मलमपट्टी करण्याचे होते. ('जखमी' हा शब्द मूळचा फारसी आहे.) ते डॉक्टर नव्हते, प्रथमोपचार तेवढे शिकले होते.

गावातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये त्यांनी दवाखाना उघडला. जखमींना बाकांवर निजवले. बाहेर लढाई पेटली होती. गाव कधी अमेरिकनांच्या हाती, तर कधी जर्मनांच्या! अमेरिकन तुकडीला माघार घ्यावी लागली, तेव्हा हे दोघे कोठे गेले असतील? कोठेच नाही. ते जखमींजवळ थांबले.

मग एक जर्मन अधिकारी आत आला. आमच्या जखमींवरही उपचार कराल का, असे त्याने विचारले. दोघांनी होकार दिला. नियम सर्वांना एकच : हत्यारे दाराबाहेर ठेवायची. एकदा एक तोफगोळा छत फोडून आत पडला. फरशीला तडा गेला, पण गोळा फुटला नाही. चर्चच्या मनोऱ्यात दोन जर्मन सैनिक लपले होते, तेही पुढे खाली उतरून शरण आले. दोघांनी सुमारे ८० जणांवर उपचार केले. त्यांत एक लहान मूलही होते.

योगायोग असा, की हे चर्च कोस्मस आणि डेमियन या दोन संतांच्या नावाचे आहे. ते दोघे भाऊ रुग्णांकडून पैसे न घेणारे वैद्य होते, असे ख्रिस्ती लोक मानतात.

आज तेथे रंगीत काचांच्या नव्या खिडक्या आहेत. एक राइट आणि मूर यांच्या, तर एक छत्रीधारी सैनिकांच्या स्मरणार्थ. खिडक्या सुंदर आहेत, पण मला विचाराल तर खरे स्मारक बाकांचेच. त्यांवरचे कोणते रक्त अमेरिकनाचे आणि कोणते जर्मनाचे, हे कोण सांगणार?

राइट २०१३ मध्ये वारले. त्यांची समाधी याच चर्चच्या आवारात आहे. लहानशा दगडावर त्यांच्या नावाची तीन अक्षरे आहेत : आर. ई. डब्ल्यू.