खटल्यांचं लॉगबुक

तारापूर एमआयडीसीत ट्रेनिंग केलेल्याला ‘निअर मिस’ सांगायला नको. चुकीचा व्हॉल्व्ह उघडला, काही झालं नाही, तरी नोंद करायची. नोंदी साठल्या की कळतं, दोष ऑपरेटरचा नसून पाइपलाइनच्या मांडणीचा आहे. माझ्या मते पोलिसांवरचे खटले, भरपाईचे आदेश, कोर्टात न टिकलेल्या अटका हा त्या खात्याचा असाच फेल्युअर डेटा आहे.

अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यात 1990 च्या दशकापासून दाव्यांकडे या नजरेने पाहिलं जाऊ लागलं: दावा कुठल्या ठाण्याचा, कशावरून, पैसे किती गेले. जोआना श्वार्ट्झ या कायद्याच्या प्राध्यापिकेने अशा खात्यांचा अभ्यास केला. खात्यातल्या तक्रारींत न दिसलेल्या गोष्टी दाव्यांत सापडतात, पण बहुतेक खाती ते कागद उघडतच नाहीत, असं त्यांना आढळलं. भरपाई बहुधा सरकारी तिजोरीतून जाते, मग ठाण्याला झळ कशी लागणार?

आता आपलं पालघर घ्या. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं. 19 नोव्हेंबरला दोघींना अटक, त्याच दिवशी जामीन. लावलेल्या कलमांत आयटी कायद्याचं 66अ होतं. थोड्याच दिवसांत दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, गुन्हाही पुढे बंद झाला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने दोघींना प्रत्येकी 50 हजार रुपये द्यायला सांगितलं.

म्हणजे ऑपरेटर बदलला. पाइपलाइनचं काय?

24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल खटल्यात 66अ रद्दच केलं. तरी ठाण्यांत ते लागत राहिलं! 2021 मध्ये कोर्टापुढे आकडे आले: 11 राज्यांत या मेलेल्या कलमाखाली 745 खटले पडून. हे आकडे कुणी मांडले? पोलीस खात्याने नव्हे, बाहेरच्या संस्थांनी, कोर्टांच्या नोंदी चाळून. शेवटी 12 ऑक्टोबर 2022 ला पुन्हा आदेश द्यावा लागला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. एफआयआर कॉम्प्युटरवर नोंदवला जात असताना रद्द कलम टाइप होताच अडवणं आपल्या सेकंड इयरच्या पोरांनाही जमेल. पण त्यासाठी आधी कुणीतरी चुका मोजायला हव्यात ना.

एक अडचण मात्र खरी आहे. जव्हार-मोखाड्यातला मजूर पोलिसांवर दावा कुठून लावणार? वकिलाची फी, तारखांचे हेलपाटे, बुडालेली मजुरी. तेव्हा एखाद्या ठाण्यापुढे शून्य दिसलं तर गेज बंद आहे का, तेही बघावं लागेल. म्हणून नुसते दावे पुरणार नाहीत. मानवाधिकार आयोगाकडचे अर्ज, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडच्या तक्रारी आणि जामिनाच्या आदेशांत न्यायाधीशांनी पोलिसांवर मारलेले शेरे, हे सगळं ठाण्यागणिक एकाच तक्त्यात यायला हवं.