समुद्रातील एकपेशीय कवचधारी

शंख, शिंपले आणि कवड्या यांची ओळख किनाऱ्यावर हिंडणाऱ्या प्रत्येकाला असते. परंतु त्याच वाळूत खसखशीच्या दाण्याहूनही लहान अशी असंख्य कवचे मिसळलेली असतात आणि ती सहसा कोणाच्या नजरेस पडत नाहीत. त्यांचा धनी गोगलगाय किंवा कालव नसून केवळ एका पेशीचा जीव असतो. अशा जीवांचा एक मोठा समूह ‘फोरॅमिनिफेरा’ या नावाने ओळखला जातो. लॅटिन भाषेत या नावाचा अर्थ ‘छिद्र धारण करणारे’ असा होतो.

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आल्सीद दॉर्बिन्यी याने १८२६ साली या जीवांचे वर्गीकरण केले, तेव्हा त्याने त्यांची गणना माखलीच्या कुळात केली होती. त्यांची वेटोळी, कप्प्याकप्प्यांची कवचे नॉटिलसच्या शंखाची आठवण करून देत असल्यामुळे ही चूक झाली. हे जीव एकाच पेशीचे आहेत, ही गोष्ट १८३५ साली फेलिक्स द्यूजार्दें याने जिवंत नमुने पाहून दाखवून दिली.

कवचांचे प्रकार

पेशी एकच असली तरी तिची घरे मात्र नाना प्रकारची असतात. काही जातींचे कवच केवळ पातळ सेंद्रिय पापुद्र्याचे असते. काही जाती भोवतालचे वाळूचे कण वेचून ते आपल्या स्रावाने एकमेकांना चिकटवतात. त्यांतही काही इतक्या चोखंदळ असतात, की ठरावीक आकाराचे किंवा ठरावीक पदार्थाचेच कण घेतात आणि बाकीचे टाकून देतात. ज्या जीवाला डोळे नाहीत आणि मेंदू नाही, त्याने ही निवड करावी, हे नवलच म्हटले पाहिजे. उरलेल्या बहुसंख्य जाती समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट घेऊन कवच रचतात. यांपैकी काहींची कवचे चिनी मातीच्या भांड्यासारखी पांढरी व गुळगुळीत असतात, तर काहींची काचेसारखी पारदर्शक असून त्यांवर अतिसूक्ष्म रंध्रे असतात.

जीव वाढू लागला की बहुतेक जाती जुन्या कप्प्याला नवा कप्पा जोडतात. हे कप्पे एका रांगेत, वेणीसारखे किंवा चक्राकार रचले जातात. कवचाबाहेर जीवद्रव्याचे बारीक धागे जाळ्यासारखे पसरतात. त्यांनाच छद्मपाद म्हणतात. चालणे, भक्ष्य पकडणे आणि कण गोळा करणे ही सारी कामे त्यांच्याकडूनच होतात. बहुतेक जाती एक मिलिमीटरहून लहान असतात. खोल समुद्रातील काही जाती मात्र कित्येक सेंटिमीटर वाढतात.

बहुसंख्य जाती तळावर किंवा गाळात राहतात. पाण्यात तरंगणाऱ्या जाती सुमारे पन्नासच आहेत. त्यांच्याप्रमाणेच तरंगणारा दुसरा समूह म्हणजे रेडिओलॅरिया. त्यांचे सांगाडे चुन्याचे नसून बहुतांशी सिलिकेचे असतात. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ या सफरीत गोळा झालेल्या नमुन्यांवरून एर्न्स्ट हेकेल याने त्यांच्या हजारो नव्या जाती वर्णिल्या.

विविधतेचा उपयोग

ही विविधता केवळ कौतुकाची गोष्ट नाही. प्रत्येक जातीला ठरावीक खारटपणा, तापमान व खोली मानवते. जीव मरतो, परंतु कवच गाळात राहते. म्हणून कोणत्या थरात कोणत्या जाती आहेत हे पाहून त्या काळच्या समुद्राची स्थिती ताडता येते. ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ ही तरंगती जात एरवी थंड समुद्रातली. परंतु नैर्ऋत्य मोसमी वारे जोराने वाहू लागले, की अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि तेथे ही जात विपुल वाढते. त्या भागातील गाळात तिचे प्रमाण मोजून प्राचीन काळच्या मोसमी वाऱ्यांचा जोर अजमावला जातो.

आपल्या किनाऱ्यावरील उदाहरण कारवारचे आहे. पावसाळ्यात काळी नदी समुद्रात गोडे पाणी आणून सोडते आणि किनाऱ्याजवळचा खारटपणा उतरतो. या बदलाचा परिणाम तळावरच्या फोरॅमिनिफेरांवर होतो. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील राजीव निगम आणि त्यांचे सहकारी यांनी कारवारसमोरच्या उथळ तळातून काढलेल्या गाळाच्या नमुन्याचा थराथराने अभ्यास केला. भारतातील अवर्षणांना सुमारे ७७ वर्षांचे आवर्तन असावे, असा निष्कर्ष त्यांनी १९९५ साली मांडला. पर्जन्यमापके येण्यापूर्वीच्या पावसाची नोंद अशा रीतीने एका पेशीच्या घरात सापडू शकते.

पुराव्याचे मोल

याच शास्त्राची मदत पुरातत्त्वालाही झाली आहे. गुजरातेतील लोथल येथे १९५५ पासून झालेल्या उत्खननात विटांनी बांधलेला, सुमारे २१५ मीटर लांबीचा हौद सापडला. उत्खनन करणारे शि. र. राव यांनी ती जहाजांची गोदी ठरवली. इतर काही अभ्यासकांना मात्र ते सिंचनाचे तळे वाटले. गोदी असेल तर तेथे भरतीचे खारे पाणी येत असले पाहिजे. निगम यांना त्या हौदाच्या गाळात समुद्री फोरॅमिनिफेरांची कवचे आढळली आणि १९८८ साली त्यांनी तो पुरावा गोदीच्या बाजूने मांडला.

तथापि येथे सावधगिरी हवी. सौराष्ट्रातील ‘मिलिओलाइट’ या चुनखडकाचे नाव मिलिओला या फोरॅमिनिफेरावरून पडले आहे. जुन्या मुंबईच्या इमारतींत वापरलेला पोरबंदरचा दगड तो हाच. हा खडक किनाऱ्यापासून दूर, आतल्या भागातही आढळतो, कारण त्यातील वाळू आणि कवचे वाऱ्याने तेथवर वाहून नेली. यावरून कवच सापडले म्हणजे तेथे समुद्र होताच, असे सिद्ध होत नाही, हे ध्यानात येईल. कवच झिजलेले आहे की अखंड, सोबत कोणत्या जाती आहेत, त्या एकत्र राहणाऱ्या आहेत काय, हे सर्व तपासावे लागते. एकटे कवच फार थोडे सांगते. अनेक जाती एकत्र पाहिल्या तरच त्यांची साक्ष विश्वसनीय ठरते, आणि म्हणूनच जाती अचूक ओळखण्याचे कष्टाचे काम या शास्त्राचा पाया आहे.